डालडा आणि गावरानी : जाहिरातीच्या फलाचे मोजमाप आणि मराठवाड्यातील बाजाराची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

व्यापाऱ्याच्या खतावणीत जाहिरातीचा खर्च नावे पडतो तेव्हा त्याची तारीख, रक्कम आणि ती घेणाऱ्याचे नाव ही तिन्ही निश्चित असतात. त्या खर्चाचे जे फळ येते ते मात्र विक्रीच्या एकंदर जमेत मिसळून जाते. त्या जमेतील किती भाग जाहिरातीचा, किती मालाच्या गुणाचा, किती पीकपाण्याचा आणि किती लग्नसराईचा, याची वेगळी नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. जाहिरातीवरील निम्मा पैसा वाया जातो, परंतु तो निम्मा कोणता हे कळत नाही, अशा अर्थाचे एक वचन अमेरिकेतील व्यापारी जॉन वॉनामेकर यांच्या नावावर सांगितले जाते. तेच वचन इंग्लंडमधील साबणाचे कारखानदार लॉर्ड लिव्हरह्यूम यांच्या नावावरही सांगितले जाते. ज्या वचनात फळ कोणाच्या खाती घालावे हा प्रश्न विचारला आहे, ते वचनच कोणाच्या खाती घालावे हे ठरत नाही, हा योगायोग विषयाला साजेसाच म्हणावा लागेल.

जाहिरातीच्या फलाचे मोजमाप हा सामान्यतः वाणिज्यशास्त्राचा व संख्याशास्त्राचा विषय मानला जातो. तथापि जाहिरातीचे पहिले दृश्य कार्य भाषेत घडते. एक नवे नाव लोकांच्या तोंडी बसते, त्याला विभक्तिप्रत्यय लागतात, त्याचे विरुद्धार्थी शब्द तयार होतात, आणि जुन्या शब्दांच्या अर्थाची मांडणी बदलते. या खुणा भाषाशास्त्राच्या पद्धतीने तपासता येतात. मग या खुणा म्हणजेच जाहिरातीचे फळ असे मानता येईल काय? प्रस्तुत लेखात लातूर आणि नांदेड या मराठवाड्यातील दोन बाजारपेठांशी संबंधित असे ‘डालडा’ आणि ‘गावरानी’ हे दोन शब्द घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे. भाषा ही जाहिरातीच्या प्रसाराचा उत्तम साक्षीदार आहे, परंतु प्रसार आणि परतावा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या दोन शब्दांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

२. मोजमापाच्या पद्धती आणि त्यांची गृहीते

जाहिरातीच्या फलाची मोजणी करण्याची पहिली व्यवस्थित पद्धत टपालातून जन्मली. वर्तमानपत्रातील जाहिरातीच्या कोपऱ्यात एक कूपन छापावयाचे, निरनिराळ्या पत्रांतील कूपनांवर निरनिराळ्या खुणा घालावयाच्या, आणि वाचकांनी कापून पाठविलेली कूपने मोजून कोणत्या पत्रातील कोणत्या मजकुरास किती मागणी आली ते पाहावयाचे, असा हा क्रम होता. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात जाहिरात ही अशा रीतीने शास्त्र बनली आहे असा दावा केला. पुढे डॅनियल स्टार्च यांनी वाचकासमोर अंक उघडून ‘ही जाहिरात तुम्ही पाहिली होती काय?’ असे विचारण्याची पद्धत रूढ केली, तर जॉर्ज गॅलप यांनी अंक समोर न ठेवता वाचकास काय आठवते ते नोंदविण्यावर भर दिला. पहिल्या पद्धतीत ओळख मोजली जाते, दुसरीत स्मरण.

भारतात या कार्याचा पाया वर्तमानपत्रांच्या खपाच्या तपासणीने घातला गेला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स या संस्थेमुळे जाहिरातदारास पत्राच्या खपाचा विश्वसनीय आकडा मिळू लागला. १९६० मध्ये बडोद्यास विक्रम साराभाई यांच्या प्रेरणेने ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्था सुरू झाली, आणि पुढे दुकानांतील मालाची मोजदाद करून विक्रीचा अंदाज घेण्याचे काम तिने देशभर केले. १९७० पासून वाचकांच्या राष्ट्रीय पाहण्याही होऊ लागल्या.

या पद्धतींपैकी कूपन, स्मरणपरीक्षा व खपाचा आकडा या तिहींमागे एक समान गृहीत आहे. जाहिरात छापील आहे, ग्राहक वाचणारा आहे आणि तो ज्या नावाने वस्तू विकत घेतो ते नाव वेष्टनावर छापलेले आहे, असे त्यांत मानलेले असते. विसाव्या शतकाच्या मध्याचा मराठवाडा या गृहीतात बसत नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा दहापेक्षाही कमी होते. अशा प्रदेशात कूपन कापून पाठविणारा ग्राहक विरळाच. म्हणून तेथे जाहिरात पोहोचली की नाही हे ठरविण्यासाठी वेगळी खूण शोधावी लागते.

३. दोन बाजारपेठा

लातूर व नांदेड या दोन्ही गावांचा व्यापारी उत्कर्ष रेल्वेशी निगडित आहे. नांदेड हे गोदावरीकाठचे जुने शहर १९०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या हैदराबाद–मनमाड मार्गावर आले आणि कापसाच्या व्यापाराचे व गिरणीचे केंद्र बनले. तेथील उस्मानशाही मिल ही त्या काळाची साक्ष होय. लातूरास १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद फाटा पोहोचला आणि बालाघाटच्या पठारावरील धान्य, गूळ व गळिताचे पीक सोलापूर-मुंबईकडे वाहू लागले. गावाच्या मध्यभागी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली गंजगोलाई १९१७ मध्ये उभी राहिली. सोळा रस्ते या वर्तुळात येऊन मिळतात आणि त्या रस्त्यांवर सोन्याचांदीपासून मिरची-गुळापर्यंत एकेका जिनसेचा बाजार बसला. १९३० च्या हैदराबाद कृषिबाजार कायद्याने अशा बाजारांतील आडत, वजन व तोलाई यांना नियमांची चौकट दिली.

मोंढ्यातील आडत्या, तालुक्याचा घाऊक दुकानदार, आठवडी बाजारातील किरकोळ विक्रेता आणि शेवटी खेड्यातील गिऱ्हाईक अशी ही साखळी होती. या साखळीत माहिती मुख्यतः तोंडी प्रवास करीत असे. दवंडी, बाजारातील पुकारा, यात्रेतील पाल, दुकानावरील पत्र्याची पाटी, रंगविलेली भिंत आणि पुढे फिरत्या सिनेमाच्या पडद्यावरील चित्र ही तेथील जाहिरातीची साधने होत. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेसारखी ठिकाणे म्हणजे एकाच वेळी देवस्थान, जनावरांचा बाजार आणि नव्या मालाचे प्रदर्शन असत. या ठिकाणी ऐकलेले नाव पुढे कोणत्या गावात, किती दिवसांनी व कोणत्या दुकानातून खरेदीत उतरले, हे नोंदविणारी कोणतीही वही नव्हती.

४. डालडा : जाहिरातीने घडविलेले नाव

भारतात वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून केलेले तुपासारखे घट्ट स्निग्ध द्रव्य प्रथम हॉलंडमधून येत असे. लिव्हर समूहाने १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आणले. आयात करणाऱ्या व्यापाऱ्याच्या ‘दादा’ या नावात लिव्हरचा ‘ल’ घालून हा शब्द बनविला, असे सांगितले जाते. १९३९ पासून लिंटास या जाहिरातसंस्थेने हार्वे डंकन यांच्या देखरेखीखाली डालड्याची जी मोहीम चालविली, ती भारतातील अनेक माध्यमांचा एकत्र उपयोग करणारी पहिली मोठी मोहीम समजली जाते. चित्रपटगृहांत दाखविण्याचा लघुपट, रस्त्यांतून फिरणारी डब्याच्या आकाराची गाडी, छापील पत्रके, आणि माल हातात घेऊन, हुंगून, चाखून पाहता येईल अशी दुकाने, ही या मोहिमेची अंगे होती. उपाहारगृहांसाठी मोठा डबा व घरासाठी लहान डबा, त्यावर ताडाचे झाड, अशी वेष्टनाची व्यवस्था होती. वाचता न येणाऱ्या ग्राहकास झाडाच्या चित्रावरून माल ओळखता यावा हे धोरण या प्रदेशाच्या स्थितीस अनुरूपच होते.

या मालास विरोधही तीव्र झाला. गांधीजींनी वनस्पती तुपाविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याची मागणी संसदेत मांडली गेली; लोकमताचा अंदाज घेण्याचा प्रयत्न झाला, परंतु त्यातून निश्चित निर्णय निघाला नाही. मुख्य आक्षेप भेसळीचा होता, कारण वनस्पती तूप दुधाच्या तुपात मिसळल्यास डोळ्यांनी ओळखता येत नसे. त्यावरील उपाय म्हणून वनस्पती तुपात शेकडा पाच या प्रमाणात तिळाचे तेल घालण्याची सक्ती करण्यात आली. तिळाच्या तेलातील विशिष्ट द्रव्यामुळे बोदुआँ चाचणीत गुलाबी-किरमिजी रंग येतो. म्हणजे तुपाच्या नमुन्यात असा रंग आला की त्यात वनस्पती तूप मिसळले आहे असे प्रयोगशाळेत सिद्ध होई.

ही युक्ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे. एका द्रव्यात मिसळून गेलेले दुसरे द्रव्य मोजावयाचे असेल तर त्यात आरंभीच एखादी खूण घालून ठेवावी लागते. हॉपकिन्सच्या कूपनावरील खूण आणि वनस्पती तुपातील तिळाचे तेल यांचे तत्त्व एकच आहे. मराठवाड्यातील बाजारात कूपन चालत नव्हते. तेव्हा विक्रीच्या प्रवाहात मिसळलेली जाहिरात ओळखण्यासाठी उरलेली खूण म्हणजे स्वतः ते नाव. परंतु खूण म्हणून उपयोगी पडण्यासाठी ती एकाच द्रव्यात असली पाहिजे, ही अट तिळाच्या तेलास जशी लागू आहे तशीच नावासही लागू आहे.

५. नावाची व्याकरणदृष्ट्या परीक्षा

‘डालडा’ हे नाव मराठीत किती खोल रुजले हे ठरविण्यास चार कसोट्या लावता येतात.

पहिली कसोटी सामान्यरूपाची. मराठीत आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप ‘या’कारान्त होते : घोडा, घोड्याचा, मसाला, मसाल्यात. परभाषेतील किंवा आडनावावरून आलेली आकारान्त व्यापारी नावे मात्र बहुधा या नियमास दाद देत नाहीत. ‘टाटाचे मीठ’, ‘बाटाचे बूट’ असेच म्हटले जाते. ‘टाट्याचे मीठ’ असे कोणी म्हणत नाही. ‘डालडा’ या शब्दाचे मात्र ‘डालड्याचा’, ‘डालड्यात तळलेले’ असे रूप सहज होते. ज्या ‘दादा’ शब्दापासून तो निघाला असे सांगतात तो विभक्तीत ‘दादाचा’ असाच राहतो, आणि त्यापासून बनविलेला कृत्रिम शब्द मात्र ‘घोडा’-‘मसाला’ यांच्या पंक्तीत बसतो. याचा अर्थ बोलणाऱ्यांनी त्यास नाव न मानता पदार्थ मानले.

दुसरी कसोटी लिंगाची. ‘तूप’ व ‘तेल’ हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी आहेत. अर्थाच्या ओढीने ‘डालडा’ नपुंसकलिंगी व्हावयास हवा होता. परंतु ‘डालडा महागला’ असाच प्रयोग होतो. येथे शब्दाच्या अंत्य स्वराने अर्थावर मात केली, म्हणजे शब्दास मराठी घडणीचे पूर्ण नागरिकत्व मिळाले.

तिसरी कसोटी विशेषणाची. ‘सुटा डालडा’, ‘दुसऱ्या कंपनीचा डालडा’ हे प्रयोग तर्कदृष्ट्या विशेषनामास शोभणारे नाहीत. एका कंपनीच्या मालकीचे नाव दुसऱ्या कंपनीस लावता येते, तेव्हा ते सामान्यनाम झाले असे निःशंक म्हणता येते. खेड्यात मोठ्या डब्यातून मापाने सुटे विकले जाणारे वनस्पती तूप गिऱ्हाईकाच्या भांड्यात पडे तेव्हा ताडाचे झाड दुकानातच राही. गिऱ्हाईकाबरोबर घरी जात असे तो केवळ शब्द. रिकामा डबा मात्र पाणी, धान्य किंवा तुळस ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे घरात राही आणि माल संपल्यावरही नावाची आठवण देत राही.

चौथी कसोटी समासाची, आणि तिचे ठळक उदाहरण खुद्द लातुरात सापडते. महाराष्ट्राचे सहकारमंत्री राहिलेले केशवराव सोनवणे यांच्या पुढाकाराने लातुरात जी सहकारी तेलगिरणी उभी राहिली, ती लोकांच्या तोंडी ‘डालडा फॅक्टरी’ झाली. गिरणी सहकारी होती, शेतकऱ्यांच्या भागभांडवलाची होती. आणि ‘डालडा’ हे नाव १९५६ मध्ये तीन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून बनलेल्या हिंदुस्थान लिव्हर या कंपनीच्या मालकीचे होते. एका खाजगी कंपनीने पैसे खर्चून पेरलेले नाव अशा रीतीने एका सहकारी संस्थेच्या दारावर, कोणतीही पाटी न लावता, लोकांनी लावले.

स्मरणाच्या कोणत्याही परीक्षेत या नावास अव्वल गुण मिळाले असते. परंतु ‘तुमच्या घरी कोणते वनस्पती तूप वापरता?’ या प्रश्नास ‘डालडा’ असे उत्तर आले, तर त्यावरून लिव्हरच्या मालाचा खप किती हे मुळीच सांगता येत नाही. तिळाचे तेल सर्वच स्निग्ध द्रव्यांत घातले असते तर बोदुआँ चाचणीचा जो निरुपयोग झाला असता, तोच येथे स्मरणपरीक्षेचा झाला. जाहिरातीने आपले काम इतके पूर्ण केले की तिच्या कामाची खूणच नाहीशी झाली.

६. जुन्या शब्दांवर पडलेला बोजा

या प्रसाराची एक किंमत अशी आहे की जी कंपनीच्या वहीत कधीच नोंदली गेली नाही. वनस्पती तूप येण्यापूर्वी ‘तूप’ या शब्दास पदार्थाची शुद्धता सांगणाऱ्या विशेषणाची गरज नव्हती. तूप म्हणजे दुधाचेच. ‘साजूक’ या विशेषणाचा मूळ अर्थ ताजे, नुकते कढविलेले असा होता आणि त्याचा विरोध जुन्या, खवट तुपाशी होता. वनस्पती तुपाच्या प्रसारानंतर हा विरोध बदलला. ‘साजूक तूप’ म्हणजे डालडा नव्हे ते, असा त्याचा अर्थ रूढ झाला. ग्रामीण भागात ‘गावरान तूप’ हा प्रयोगही याच विरोधातून बळावला. मराठीतील ‘तूप’ हा शब्द अशा रीतीने दोन पदार्थांत विभागला गेला, आणि सिद्धतेची जबाबदारी जुन्या पदार्थावर आली.

हा केवळ शब्दार्थाचा पालट नव्हे. आठवडी बाजारास घरचे तूप घेऊन येणाऱ्या बाईस आता आपले तूप ‘खरे’ असल्याचे पटवून द्यावे लागे. प्रयोगशाळेतील रंगाची चाचणी तिच्या आवाक्यात नव्हती. गिऱ्हाईक वासावर, रव्यावर, बोटावर घेऊन पाहण्यावर आणि विकणारीच्या ओळखीवर अवलंबून राही. एका मालाच्या जाहिरातीने दुसऱ्या मालाच्या विक्रेत्यावर जो विश्वास कमावण्याचा खर्च लादला, तो जाहिरातीच्या परताव्याच्या कोणत्याही हिशेबात येत नाही. समाजाच्या दृष्टीने परतावा मोजावयाचा तर ही बाजूही नावे पडली पाहिजे.

७. गावरानी : मालाने घडविलेले नाव

नांदेडच्या बाजारात याच्या अगदी उलट दिशेने गेलेला एक शब्द आढळतो. ‘गावरान’ म्हणजे गावचे, स्थानिक. या सर्वसामान्य शब्दावरून ‘गावरानी’ हे नांदेड-परभणी भागातील देशी कापसाचे नाव पडले आणि मुंबईच्या कापूसबाजारात ‘हैदराबाद गावरानी’ ही एक स्वतंत्र प्रत म्हणून ते मान्यता पावले. येथे सामान्य शब्दाचे व्यापारी विशेषनाम झाले. आणि त्यासाठी कोणी भिंत रंगविली नाही की लघुपट काढला नाही.

या नावाची किंमत धाग्यात होती. देशी कापसांमध्ये गावरानीचा धागा तुलनेने लांब व तलम होता. त्याला धोका जाहिरातदार प्रतिस्पर्ध्याचा नसून मिसळीचा होता. अधिक उतारा देणाऱ्या पण आखूड धाग्याच्या कापसाचे बी शेतात मिसळले आणि जिनात सरकी एकत्र झाली की प्रत घसरे. म्हणून नाव राखण्याचा खर्च बियाण्यावर करावा लागला. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीने देशभर सुधारित बियाण्याच्या योजनांना साहाय्य दिले. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने संरक्षित भागात बाहेरचा कापूस आणण्यावर बंधने आली, आणि हैदराबाद संस्थानातही त्याच धर्तीचे निर्बंध पुढे आले. नांदेडच्या संशोधन केंद्रात निवडपद्धतीने ‘गावरानी ६’ सारखे वाण तयार झाले.

येथे परताव्याचे मोजमाप तुलनेने सोपे होते. गिरणीचा पारखी कापसाचा पेळू हातात घेऊन धागा ओढून पाहतो. नावाशी माल जुळला नाही तर भाव कमी देतो. त्यामुळे शुद्ध गावरानी व मिसळीचा कापूस यांच्या भावातील अंतर हेच नावाचे मोल. तिळाच्या तेलाचे काम येथे धागा स्वतःच करीत होता. मालाचा गुण खरेदीच्या वेळी ओळखता येतो की वापरल्यानंतरच कळतो, यावर जाहिरातीचे स्वरूप अवलंबून असते हा विचार फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० नंतर मांडला. पहिल्या प्रकारात खोटे नाव टिकत नाही; दुसऱ्या प्रकारात नावावरच भिस्त ठेवावी लागते. गावरानी कापूस पहिल्या प्रकारात मोडतो, सुटे तूप दुसऱ्यात.

नांदेडच्या कापूस संशोधनाची पुढील कामगिरीही या दृष्टीने लक्षणीय आहे. १९८४ मध्ये प्रसारित झालेला एनएचएच ४४ हा संकरित वाण शेतकऱ्यांत ‘नांदेड ४४’ या नावाने ओळखला गेला. प्रयोगशाळेच्या अक्षरांतून लोकांनी आकडा तेवढा ठेवला आणि त्यास गावाचे नाव जोडले. बियाणे मात्र कापसासारखे पारखता येत नाही. त्याचा गुण पेरणीनंतर कित्येक महिन्यांनी कळतो. म्हणून २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यावर खाजगी बियाण्यांच्या जाहिरातींनी गावोगावच्या भिंती भरल्या, यात नवल नाही. शेतकरी मात्र जाहिरातीवरून माहिती घेतो आणि निर्णय शेजाऱ्यावरून करतो, असे अभ्यास सांगतात. ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये आयोवातील संकरित मक्याविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बियाण्याची पहिली वार्ता बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण पेरण्याचा निश्चय शेजाऱ्याच्या अनुभवाने झाला असे आढळले. मराठवाड्यास लागून असलेल्या तेलंगणातील वरंगळ भागात ग्लेन स्टोन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर कापसाच्या बियाण्याची निवड एका गावात एका वाणाची लाट यावी तशी होते, आणि त्या लाटेस पिकाच्या गुणाचा आधार असतोच असे नाही, असे दिसून आले. अशा लाटेत एका जाहिरातीचे फळ वेगळे काढणे किती कठीण आहे ते उघड आहे.

८. ओळख, खरेदी आणि फरक

वरील विवेचनावरून जाहिरातीच्या फलाच्या तीन पायऱ्या वेगळ्या कराव्या लागतात. पहिली ओळख, म्हणजे नाव माहीत होणे. दुसरी खरेदी, म्हणजे त्या नावाचा माल घेणे. तिसरी फरक, म्हणजे जाहिरात नसती तर जी खरेदी झाली नसती तेवढीच. परतावा या शब्दास अर्थ आहे तो केवळ तिसऱ्या पायरीवर. भाषेतील पुरावा पहिल्या पायरीचा असतो, दुकानदाराची वही दुसऱ्या पायरीचा पुरावा देते. तिसऱ्या पायरीसाठी मात्र तुलना लागते.

पहिली पायरी तिसरी समजण्याची चूक आधुनिक साधनांनीही टळलेली नाही. ईबे या अमेरिकन कंपनीने आंतरजालावरील शोधयंत्रांत स्वतःचेच नाव टाइप करणाऱ्यांना दिसणाऱ्या जाहिरातींवर खर्च चालविला होता. या जाहिरातींतून येणारे ग्राहक मोजले तर परतावा फार मोठा दिसे. २०१२ मध्ये हा खर्च प्रयोगादाखल थांबविला, तेव्हा ते जवळजवळ सर्व ग्राहक खालच्या फुकट दुव्यावरून आले. ज्याने नाव टाइप केले तो नाव जाणणारा होता. तो येणारच होता. टॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को व स्टीव्हन ताडेलिस यांनी २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘डालडा’ मागणाऱ्या गिऱ्हाईकांवरून लिव्हरच्या जाहिरातीचा परतावा काढण्यासारखीच ती चूक होती. त्याच वर्षी रँडल लुईस व जस्टिन राव यांनी पंचवीस मोठ्या प्रयोगांच्या आधारे असे दाखविले की माणसामाणसांच्या खरेदीतील चढउतार जाहिरातीच्या दरडोई खर्चाच्या मानाने इतके मोठे असतात की लक्षावधी ग्राहक तपासूनही परताव्याचा आकडा फार मोठ्या मर्यादांमध्ये हेलकावत राहतो.

डालड्याच्या पुढील इतिहासातून हाच भेद कालक्रमाने दिसतो. शुद्ध केलेली तेले बाजारात पसरली. लातूरच्या परिसरात भुईमूग व करडईची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. हायड्रोजनयुक्त मेदाविषयी वैद्यकीय शंका वाढल्या. २००३ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने डालडा हे नाव बंगे या कंपनीस विकले. नाव कोशातील शब्दाइतके रूढ झाले होते आणि तरीही मूळ मालकाने ते सोडले. शब्दाचे आयुष्य आणि धंद्याचे आयुष्य यांचे मोजमाप एकाच काठीने होत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

९. निष्कर्ष आणि पुढील अभ्यासाची दिशा

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. ज्या समाजात लेखी प्रतिसादाची साधने नव्हती तेथे जाहिरातीचा प्रसार जाणण्यासाठी सामान्यरूप, लिंग, विशेषण व समास या व्याकरणाच्या कसोट्या विश्वसनीय साधने ठरतात. बोलीच्या क्षेत्रपाहणीत त्यांचा समावेश व्हावयास हवा. दुसरे, नाव सामान्यनाम झाले की ते प्रसाराचा पुरावा म्हणून बळकट आणि परताव्याचा पुरावा म्हणून निकामी होते. तिसरे, नावावरील खर्चाची तुलना मालाच्या शुद्धतेवरील खर्चाशी केल्याखेरीज कोणताही हिशेब पुरा होत नाही. नांदेडच्या गावरानीचे नाव बियाण्यावर झालेल्या खर्चाने टिकले आणि भावाच्या रूपाने त्याची जमा दिसली.

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील आठवडी बाजारांची रचना तिसऱ्या पायरीच्या मोजमापास फार अनुकूल आहे. प्रत्येक गावाचा बाजाराचा वार ठरलेला असतो, त्या बाजारास येणाऱ्या खेड्यांचे वर्तुळ बरेचसे स्थिर असते, आणि किरकोळ विक्रेता आपला माल ठरावीक मोंढ्यातील घाऊक दुकानातून उचलतो. समान वस्तीची व समान पीकपाण्याची बाजारगावे जोडीने निवडून, चिठ्ठी टाकून जोडीतील एका गावी भिंती रंगवाव्यात व दुसऱ्या गावी रंगवू नयेत. नंतर दोन्ही गावांकडे घाऊक दुकानातून गेलेला माल एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत मोजावा. त्याच गावांत शब्दांचीही पाहणी करावी. जेथे शब्द पसरला पण माल वाढला नाही आणि जेथे शब्दाशिवायच माल वाढला, ती दोन्ही प्रकारची गावे हाती लागल्यास ओळख व फरक यांतील अंतर प्रथमच आकड्यांत मांडता येईल. ज्या सहकारी संस्था व बचतगट अल्प भांडवलातून जाहिरातीवर खर्च करतात, त्यांना हा आकडा मोठ्या कंपन्यांपेक्षा अधिक निकडीचा आहे. कारण त्यांच्या खतावणीत वाया गेलेला निम्मा पैसा शेतकऱ्याच्या भागभांडवलातून गेलेला असतो.